वगळलेली काउंटी

‘अब्राहम लिंकनने गुलामांना मुक्त केले’ हे वाक्य मी शाळेत पाठ केले, परीक्षेत लिहिले, त्यावर गुण मिळवले आणि महाविद्यालयात इतिहास शिकवू लागल्यावर पहिली काही वर्षे तेच वाक्य मुलांना लिहून दिले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. छापलेल्या वाक्यावर संशय घ्यायचा असतो, ही गोष्ट पहिल्या पिढीच्या पदवीधराला फार उशिरा कळते. पुस्तक हातात आले याचाच आनंद इतका मोठा असतो की ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, हे विचारायचे राहून जाते.

एका वर्षी मी धड्याऐवजी लिंकनचा जाहीरनामाच वर्गात वाचायला घेतला. १ जानेवारी १८६३ चा हा कागद. त्यात भव्य शब्द फार थोडे आहेत. वकिलाने लिहावा तसा तो लिहिलेला आहे. कोणत्या राज्यांतले गुलाम मुक्त, याची यादी. आणि त्या यादीच्या पोटात दुसरी यादी, कोणते भाग वगळले याची. व्हर्जिनिया राज्याच्या नावापुढे आधी पश्चिमेकडच्या अठ्ठेचाळीस काउंट्या वगळल्या आहेत. मग आणखी सात काउंट्यांची नावे येतात : बर्कली, ॲकोमॅक, नॉर्थॅम्प्टन, एलिझाबेथ सिटी, यॉर्क, प्रिन्सेस ॲन आणि नॉरफोक. या वगळलेल्या भागांत सध्यापुरते सारे काही जणू हा जाहीरनामा निघालाच नाही असे राहील, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, मग त्या सात ठिकाणच्या लोकांनी काय करायचे?”

मला उत्तर देता आले नाही. त्या सातांपैकी एका काउंटीमागे मी लागलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. एलिझाबेथ सिटी काउंटी आज नकाशावर नाही. १ जुलै १९५२ रोजी ती हॅम्प्टन शहरात विलीन झाली. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा तालुका समजावा. न्यायालय, कर, जमिनीचे दप्तर सारे तिच्या ठाण्यात. ज्या काउंटीत अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींमधल्या काळ्या माणसाचा इतिहास सुरू झाला आणि जिच्यात गुलामगिरीच्या कायद्याला पहिले मोठे भगदाड पडले, तीच काउंटी मुक्तीच्या जाहीरनाम्यात वगळलेल्यांच्या यादीत आहे. हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा आहे असे मला वाटत नाही. म्हणून त्या काउंटीविषयी जे लिहिले गेले, ते कोणाच्या हाताने लिहिले गेले, याची तपासणी मला येथे करायची आहे.

सुरुवात नावापासूनच करावी लागते. जेम्स नदीच्या मुखाजवळच्या या जागेवर किकोटान नावाच्या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. जुलै १६१० मध्ये टॉमस गेट्सने त्यांना तेथून हाकलले आणि त्यांची तयार शेते इंग्रजांच्या हाती आली. हॅम्प्टन शहर आज आपला जन्म १६१० चा सांगते आणि अखंड इंग्रजी वस्तीचा मोठा अभिमान बाळगते. वस्ती उठवल्याची तारीख हीच वस्ती वसल्याची तारीख होऊन बसली आहे! माणसे गेली तरी जागेचे नाव किकोटान असेच चालू राहिले होते. १६१९ साली जेम्सटाऊनला व्हर्जिनियाची पहिली विधानसभा भरली. अमेरिकन लोकशाहीची गंगोत्री म्हणून तिचे गोडवे गायले जातात. त्या सभेत किकोटानचे प्रतिनिधी होते कॅप्टन विल्यम टकर आणि विल्यम कॅप. सभेने केलेल्या मागण्यांपैकी एक अशी की, हे रानटी नाव बदलून द्यावे. नाव बदलले. राजा जेम्सच्या मुलीचे, एलिझाबेथचे, नाव त्या जागेला मिळाले. १६३४ मध्ये वसाहतीचे आठ विभाग पाडले तेव्हा एलिझाबेथ सिटी हा त्यांपैकी एक झाला आणि पुढे त्यालाच काउंटी म्हणू लागले.

हा विल्यम टकर लक्षात ठेवावा. १६२२ मध्ये मूळनिवाशांनी उठाव करून ३४७ वसाहतवाले मारले. पुढच्या वर्षी, १६२३ च्या मे महिन्यात, तहाची बोलणी म्हणून जमलेल्या मूळनिवाशांना ज्या तुकडीने विष घातलेली दारू पाजली, त्या तुकडीचा प्रमुख हाच टकर होता. विधानसभेत नाव पुसणारा आणि तहाच्या बैठकीत माणसे पुसणारा माणूस एकच. आणि १६२५ च्या शिरगणतीत या टकरच्याच घरात, त्याच्या नोकरांच्या यादीत, अँटनी आणि इझाबेला ही दोन काळी माणसे आहेत. सोबत त्यांचे मूल, विल्यम, बाप्तिस्मा झालेले. मुलाचे नाव मालकाचे आहे.

अँटनी आणि इझाबेला तेथे कसे पोचले? त्यासाठी एका पत्राकडे यावे लागते. ऑगस्ट १६१९ च्या अखेरीस पॉइंट कम्फर्ट या टोकाला ‘व्हाइट लायन’ हे लुटारू जहाज लागले. त्याने अंगोलातून मेक्सिकोकडे जाणाऱ्या एका पोर्तुगीज गुलामवाहू जहाजावर वाटेत दरोडा घातला होता. लुटीतली काही माणसे त्याने येथे अन्नसामग्रीच्या बदल्यात दिली. ही हकीकत जॉन रॉल्फ नावाच्या वसाहतवाल्याने जानेवारी १६२० मध्ये लंडनला एडविन सँडिस याला लिहिलेल्या पत्रात कळवली. त्यात तो माणसांची संख्या देतो : वीस आणि वर काही. बस्स.

वीस आणि वर किती? एक, तीन, आठ? धान्याचे पोते मोजणारा माणूस ‘वीस आणि वर काही’ असे लिहीत नाही. तो पायलीपर्यंत हिशेब लिहितो. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर तो एक शब्दप्रयोग म्हणजे रॉल्फच्या पत्राची संपूर्ण दृष्टी आहे. नावे तर नाहीतच, पण मोजणीही पुरी करावी असे त्याला वाटले नाही. माझ्या वडिलांची जन्मतारीख १ जून आहे. माझ्या चुलत्यांची १ जून आहे, आमच्या वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची १ जून आहे. शाळेत नाव घालायला गेलेल्या मुलाकडे गुरुजींनी पाहिले, उंचीवरून वयाचा अंदाज केला आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख लिहून टाकली. ‘वीस आणि वर काही’ हे शब्द मी प्रथम वाचले तेव्हा मला परके वाटले नाहीत.

या पत्राचा पुढचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. रॉल्फने जहाज डच असल्याचे लिहिले, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पाठ्यपुस्तकांत ‘डच जहाज’ राहिले. त्याने पॉइंट कम्फर्ट असे स्वच्छ लिहिले होते, तरीही पुस्तकांतून ती माणसे जेम्सटाऊनलाच उतरत राहिली. कारण इतिहासाची राजधानी जेम्सटाऊन होती आणि काउंटी कोणाच्या ध्यानात नव्हती. त्या पोर्तुगीज जहाजाचे नाव ‘साओ जोआओ बाउतिस्ता’ होते आणि त्यावर साडेतीनशेच्या आसपास माणसे भरली होती, हे १९९७ साली एंगेल स्लुइटर या अभ्यासकाने स्पेनच्या वसाहती हिशेबाच्या कागदांतून दाखवून दिले. म्हणजे त्या माणसांचा माग लागला तो त्यांच्यासाठी कोणी रडले म्हणून नव्हे. कोणाचा तरी माल लुटला गेला, त्याची नोंद कोणाच्या तरी वहीत झाली, म्हणून. ज्यांना माणूस म्हणून लिहिलेच नाही, त्यांना शोधायचे तर मालाच्या वह्या उघडाव्या लागतात. ही गोष्ट आपल्याही अभ्यासकांनी मनावर घ्यावी अशी आहे. वतनाचे कागद, जिल्हा गॅझेटिअर, जमाबंदीचे तक्ते यांना आपण शत्रूचे दप्तर म्हणून हात लावत नाही. पण आपला आजा त्याच दप्तरात बसलेला आहे, कोपऱ्यात, बिननावाचा.

पुढची दोनशे वर्षे मी भरभर ओलांडतो. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मूल आईच्या दर्जाचे. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. बाप बहुधा मालकच असे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. १६६७ मध्ये ठरवले की बाप्तिस्म्याने गुलामाची सुटका होत नाही. टकरच्या घरच्या छोट्या विल्यमचा बाप्तिस्मा झाला होता, त्यानंतर चाळीस-बेचाळीस वर्षांनी हा कायदा आला. धर्म बदलला तरी दर्जा बदलू नये, यासाठी कायदेमंडळाला खास ठराव करावा लागतो, ही गोष्ट १९५६ नंतर सवलतींसाठी तीन दशके झगडलेल्या आपल्या बौद्ध वाचकाला अधिक समजावून सांगायला नको. १८३१ मध्ये मुक्त काळ्यांनी लिहिण्यावाचण्यासाठी एकत्र जमणेही बेकायदा ठरले.

आणि काउंटीचे स्वतःचे दप्तर? स्वातंत्र्ययुद्धात त्याची नासधूस झाली, १८१२ च्या युद्धात पुन्हा झाली. यादवी युद्धात उरलेले काही कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला नेले, ते ३ एप्रिल १८६५ ला रिचमंडबरोबर जळाले. घराण्यांचा शोध घेणारे गोरे संशोधक अशा काउंट्यांबद्दल फार हळहळतात. मी हळहळलो नाही असे नाही. पण त्या दप्तरात कोण किती किमतीला विकले गेले याखेरीज आपल्या माणसांविषयी काय असणार होते, असाही विचार मनात येऊन गेला.

आता १८६१. पॉइंट कम्फर्टच्या ज्या टोकावर १६१९ मध्ये ती माणसे उतरवली, त्याच टोकावर संघराज्याने १८१९ ते १८३४ या काळात फोर्ट मन्रो हा दगडी किल्ला बांधला. त्याच्या बांधकामावर गुलामही राबले होते. व्हर्जिनिया फुटून निघाले तरी हा किल्ला संघराज्याच्याच हातात राहिला. २३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी, म्हणजे गोऱ्या पुरुषांनी, फुटण्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाऊनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम एका होडीत बसले, खाडी ओलांडली आणि किल्ल्याच्या दारात जाऊन उभे राहिले. पलीकडच्या काठावर त्यांच्याकडून बंडखोरांसाठी तोफखान्याचा मोर्चा बांधून घेतला जात होता. त्यांचा मालक चार्ल्स मॅलरी हा बंडखोर सैन्यात कर्नल होता. तिघांपैकी एकाचे आडनाव मालकाचेच आहे, हे वाचकाच्या लक्षात आले असेल.

या तिघांनी काय केले ते नीट समजून घेतले पाहिजे. कायदा त्यांच्या विरुद्ध होता. १८५० च्या कायद्याप्रमाणे पळालेला गुलाम परत करणे हे संघराज्याचे कर्तव्य होते. लिंकनने गुलामगिरीला हात लावणार नाही असे जाहीर आश्वासन दिले होते. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा गुलामगिरीविरोधी चळवळीतला माणूसही नव्हता. म्हणजे दारामागे कोणी उदारात्मा उभा आहे अशी खात्री असण्याचे या तिघांना काहीच कारण नव्हते. तरीही ते गेले. त्यांच्याजवळ एकच माहिती होती, आणि ती अमोल होती : शत्रूचा मोर्चा कोठे बांधला जात आहे, हे त्यांना ठाऊक होते, कारण तो त्यांच्याच हातांनी बांधला जात होता.

दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन मेजर जॉन कॅरी त्यांना परत मागायला आला. हा कॅरी एरवी हॅम्प्टनमधल्या शाळेचा मुख्याध्यापक! बटलर पेशाने वकील. त्याने उत्तर दिले की, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवत असेल, तर आमच्या देशाचा कायदा तिला लागू नाही. आणि ही तुमची मालमत्ता असेल, तर युद्धासाठी वापरलेली शत्रूची मालमत्ता जप्त करण्याचा मला हक्क आहे. कॉन्ट्राबँड, जप्तीचा माल, हा शब्द तेथून लोकांच्या तोंडी बसला आणि पळून आलेल्या हजारो माणसांना युद्धभर हेच नाव राहिले.

या युक्तिवादाचे अमेरिकन पुस्तकांतून फार कौतुक होते. चतुराई आहे, यात शंका नाही. पण माणूस सुटला तो माणूस म्हणून सुटला नाही, माल म्हणूनच सुटला. मालकाने ज्या शब्दाने त्याला बांधले त्याच शब्दाने सेनापतीने त्याला सोडवले, आणि तो शब्द मात्र सोडला नाही. बटलरने या लोकांच्या कामाचा आणि त्यांना दिलेल्या शिध्याचा चोख हिशेब ठेवायला सांगितले होते. पुन्हा वही! पुढे मजुरी ठरली तेव्हाही तिचा मोठा भाग त्यांच्या हातात न पडता निराश्रितांच्या निधीत जमा होत राहिला.

मात्र लोकांनी त्या शब्दाची पर्वा केली नाही. काही दिवसांतच बायकामुलांसह कुटुंबे येऊ लागली, आणि जुलै संपेपर्यंत किल्ल्याच्या आश्रयाला नऊशेच्या आसपास माणसे होती. बायका आणि पोरे काही मोर्चे बांधत नव्हती. मग ती कोणत्या नियमाने जप्तीचा माल ठरणार? बटलरचा युक्तिवाद लोकांनी आपल्या पायांनी फोडून टाकला. ३० जुलैला त्याला स्वतःलाच युद्धमंत्र्याला लिहावे लागले की, ही माणसे गुलाम आहेत की मुक्त आहेत, ते मला सांगा. ६ ऑगस्टला संसदेने जप्तीचा पहिला कायदा केला. ७ ऑगस्टला बंडखोर सेनापती मॅग्रुडरने हॅम्प्टन गाव जाळले. संघराज्याच्या सैन्याला आणि पळालेल्या गुलामांना तेथे निवारा मिळू नये म्हणून. त्या जळक्या भिंती आणि उभ्या राहिलेल्या चिमण्यांच्या आधाराने काळ्यांनी आपली घरे बांधली.

येथे मला जोतीरावांची आठवण होते. ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे. त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले म्हणून. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या त्या घटनेचा आपल्या शूद्रातिशूद्रांशी सांधा जोडणारा दुसरा माणूस त्या काळी हिंदुस्थानात दाखवता येत नाही. ती अर्पणपत्रिका मला पूज्य आहे. तरीही समीक्षक म्हणून म्हणावे लागते की, तिच्यातले श्रेय देणाऱ्याच्या पदरात पडले आहे. बेकर, टाऊनसेंड, मॅलरी ही नावे जोतीरावांपर्यंत पोचण्याची सोयच नव्हती. त्या काळी समुद्र ओलांडून येत होते ते लिंकनचे नाव आणि मिशनऱ्यांची नावे. आज आपल्याला ती सोय आहे. मग आपल्या भाषणांतून अजूनही लिंकनच का येतो? आपण चळवळीला पँथरचे नाव घेतले, पण तो सांधा घोषणेपुरताच राहिला, त्यांचे दप्तर उघडून पाहण्याचे कष्ट आपण किती घेतले? बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. त्यांना घोषणा नको होती, कागद हवा होता.

आता काउंटीच्या इतिहासलेखनाकडे. या बाबतीत तीन लिखाणे मी शेजारी शेजारी ठेवतो.

पहिले आहे लॉकवूड या मिशनऱ्याने लिहिलेले मेरी पीकचे छोटेसे चरित्र. मेरी पीक ही मुक्त काळी स्त्री. कायद्याची बंदी असताना ती हॅम्प्टनमध्ये चोरून लिहायला-वाचायला शिकवत असे. १८६१ च्या आगीत तिचेही घर गेले. १७ सप्टेंबर १८६१ पासून ती उघडपणे शिकवू लागली; एका मोठ्या ओक वृक्षाखाली तिने हे वर्ग भरवले असे सांगतात. दिवसा मुले, संध्याकाळी मोठी माणसे. क्षयाने खंगत ती २२ फेब्रुवारी १८६२ रोजी वारली. सावित्रीबाईंच्या नंतर तेरा-चौदा वर्षांनी आणि तितक्याच विरोधात उभी राहिलेली ही शिक्षिका. लॉकवूडने तिच्याविषयी लिहिले म्हणून ती आपल्याला कळते, हे त्याचे उपकार मान्य केले पाहिजेत. पण त्याची लेखणी रमते ती तिच्या श्रद्धेत आणि मृत्युशय्येत. बंदीच्या काळात ती शिकवत कशी होती, पाट्या कोठे लपवत होती, पकडले जाण्याची भीती तिने मुलांना कशी समजावली असेल, हे विचारण्याची त्याला गरज भासली नाही. त्याला संत हवी होती, कायदेभंग करणारी बाई नको होती.

दुसरे लिखाण १९२२ चे. काउंटीच्या प्रशासक मंडळाने स्वतः प्रसिद्ध केलेला हा हॅम्प्टनचा आणि काउंटीचा इतिहास. लेखक लायन टायलर. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष आणि पुढे बंडखोरांच्या बाजूला गेलेला जॉन टायलर याचा हा मुलगा. विल्यम अँड मेरी महाविद्यालयाचा अनेक वर्षे अध्यक्ष. युद्धाचा दोष उत्तरेच्या आणि लिंकनच्या माथी मारणारी एक प्रश्नोत्तरी पुस्तिकाही त्याने लिहिली. जॉन टायलरचे उन्हाळी घर हॅम्प्टनमध्ये होते. मालक निघून गेल्यावर, १५ सप्टेंबर १८६१ रोजी, लॉकवूडने काळ्यांसाठी रविवारची पहिली शाळा भरवली ती याच घरात. लायन तेव्हा आठ वर्षांचा होता. ज्या घरातून तो बाहेर पडला त्या घरात गुलामांची मुले अक्षरे गिरवत होती. आणि साठ वर्षांनी काउंटीने आपला अधिकृत इतिहास लिहायला बोलावले ते त्यालाच. अधिकृत इतिहास ही काय वस्तू असते, ते सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. १९०२ च्या राज्यघटनेने व्हर्जिनियातल्या बहुसंख्य काळ्यांचा मताधिकार काढून घेतला होता. ज्यांना मत नाही त्यांना प्रशासक मंडळ विचारणार कशाला?

तिसरे पुस्तक रॉबर्ट एंग्ज या कृष्णवर्णीय इतिहासकाराचे, १९७९ चे. नाव ‘फ्रीडम्स फर्स्ट जनरेशन’, स्वातंत्र्याची पहिली पिढी. या नावामुळेच मी ते हाती घेतले, हे कबूल करतो. १८६१ ते १८९० या तीस वर्षांतल्या हॅम्प्टनच्या काळ्यांचा हा इतिहास. त्यात मच्छीमार आहेत, दुकानदार आहेत, वकील आहेत, निवडून आलेले अधिकारी आहेत. युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने बंडखोर मालकांना माफी देऊन जमिनी परत केल्या आणि राखेवर वसलेल्या लोकांना उठावे लागले, तरीही या माणसांनी जमिनी विकत घेतल्या, चर्च बांधली, मते दिली. सैन्य आणि मिशनरी हे दोघे त्यांचे मित्रही होते आणि अडथळाही होते, हे एंग्ज शांतपणे मांडतो. त्याच्यात आवेश नाही, आणि त्याची उणीवही मला भासली नाही. मर्यादा दिसते ती वेगळी. त्याची कहाणी १८६१ ला सुरू होते; आधीची अडीचशे वर्षे पार्श्वभूमी होऊन राहतात. आणि साधने मुख्यतः मिशनऱ्यांची पत्रे व सरकारी कागद हीच असल्यामुळे ही पहिली पिढी बोलते ती पुष्कळदा दुसऱ्याच्या पत्रातून. हा दोष एंग्जचा नव्हे, दप्तराचा आहे.

या काउंटीतली एक संस्था आपल्याकडे बरीच माहीत आहे. १८६८ मध्ये सॅम्युएल आर्मस्ट्राँगने काढलेली हॅम्प्टन इन्स्टिट्यूट. बुकर टी. वॉशिंग्टन १८७२ मध्ये तेथे दाखल झाला. प्रवेशाच्या वेळी त्याला एक खोली झाडायला सांगितली. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली, आणि त्याला प्रवेश मिळाला. ही गोष्ट आमच्या शाळेत श्रमप्रतिष्ठेचा धडा म्हणून सांगितली गेली. वर्गात आम्ही तिघे वस्तीवरचे होतो. गोष्ट संपल्यावर वर्ग कोणी झाडला ते सांगायची गरज नाही. झाडूचे महत्त्व कोणाला शिकवायचे? ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या झाडूच होता त्याला? आर्मस्ट्राँगने हजारो शिक्षक तयार केले हे खरेच. पण काळ्यांनी राजकारणापासून दूर राहावे, हाताचे काम शिकावे, हा त्याचा आग्रहही तितकाच खरा. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये या विचारसरणीवर कठोर टीका केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, तेव्हा प्रवेशासाठी झाडू हातात दिला नाही. या दोन वाटांतला फरक आपल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावा. त्याच काउंटीत, लँग्लीच्या विमान-संशोधन केंद्रात, १९४३ पासून काळ्या स्त्रिया गणिती म्हणून काम करत होत्या. त्यांची खोली वेगळी होती आणि जेवणाचे टेबलही.

आता त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न. वगळलेल्या ठिकाणच्या लोकांनी काय करायचे? एलिझाबेथ सिटी काउंटी वगळली गेली, कारण ती आधीच संघराज्याच्या ताब्यात होती. बंडखोर भागातल्या गुलामांपुरताच तो जाहीरनामा होता. म्हणजे जेथे लिंकनचे सैन्य प्रत्यक्ष हजर होते, तेथेच लिंकनचा शब्द लागू नव्हता. किल्ल्यात आलेल्यांना १८६१ आणि १८६२ च्या जप्तीच्या कायद्यांचा आधार होता. बाकीच्यांना कायद्याने वाट पाहायची होती, १८६४ च्या राज्यघटनेची आणि मग डिसेंबर १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीची. पण हॅम्प्टनचे लोक वाट पाहत बसले नाहीत. त्या ओकच्या झाडाखाली १८६३ मध्ये लोक जमले आणि जाहीरनामा मोठ्याने वाचला गेला, अशी तेथली परंपरा आहे. ते झाड आजही हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात उभे आहे, मुक्तीचा ओक म्हणून. ज्या कागदात आपली काउंटी नावानिशी वगळली आहे, तोच कागद लोकांनी आपला म्हणून ऐकला. वाचणाऱ्याने वगळलेल्यांची यादी वाचली असेल का? की ती गाळून पुढे गेला असेल? मला वाटते, वाचली असेल; आणि ऐकणाऱ्यांनी ती गाळली असेल. महाडला १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा नगरपालिकेचा ठराव होता, पण २० मार्च १९२७ पर्यंत पाण्याला हात लागला नव्हता. तेथे कागद आधी होता आणि माणसे मागून आली. हॅम्प्टनला माणसे आधी आली आणि कागद त्यांच्यामागून, तोही अर्धाच.

गेल्या वर्षी सत्र परीक्षेसाठी मी एक प्रश्न काढला : ‘२३ मे १८६१ च्या रात्री होडीत बसलेल्या तिघांची नावे लिहून, त्यांच्या कृतीमुळे गुलामगिरीच्या कायद्यापुढे कोणता पेच उभा राहिला ते सांगा.’ प्रश्नपत्रिका तपासणाऱ्यांनी तो अभ्यासक्रमाबाहेरचा म्हणून खोडला आणि त्या जागी लिंकनच्या कार्याचे मूल्यमापन करा, असे घातले. मी तो प्रश्न वर्गात फळ्यावर लिहिला. चौदा मुलांनी उत्तरे आणून दिली. एका मुलीने शेपर्डचे आडनाव लिहून पुढे कंसात विचारले आहे की, सर, हे मालकाचे आहे, मग त्याचे स्वतःचे काय होते?